डब्यातला चहा, चहातला डबा

“हा चहा आहे की मेतकुटाचं पाणी?”

पप्पांनी कप खाली ठेवला. नुसता ठेवला नाही, बशीसकट टीपॉयच्या दुसऱ्या टोकाला सरकवला. आमच्या घरात हा शेवटचा निकाल असतो. त्याच्यावर अपील नाही.

झालं असं की वर्षभरापूर्वी पप्पांना शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, गोड चहा बंद. आता नगरच्या माणसाला गोड चहा बंद म्हणजे काय, हे नगरच्याच माणसाला कळेल. (२०२४ मध्ये कागदोपत्री आम्ही अहिल्यानगर झालो. एसटीत कंडक्टरकडे मात्र मी अजून ‘एक नगर’च मागते.) पप्पांचे दिवसाला सहा-सात कप ठरलेले. त्यातले दोन घरचे, बाकीचे कट्ट्यावरचे. सावेडीत त्यांचा रिटायर्ड मंडळींचा एक कट्टा आहे, टपरीसमोरचा. बिनसाखरेचा दुधाचा चहा त्यांना उतरेना, आणि हातात कप नसताना तिथं नुसतं बसायचं कसं? हळूहळू त्यांनी कट्ट्यावर जाणंच सोडलं. संध्याकाळी साडेपाचला टीव्ही लावून बसायला लागले. आई फोनवर म्हणाली, “शुगरचं राहू दे, हा माणूस गप्प झालाय, त्याचं बघ.”

मी पुण्यात फ्रीलान्स करते. लेख लिहिणे, कॉपी लिहिणे, पेमेंटसाठी मेल लिहिणे. तेवढ्यात माझी एक मैत्रीण ऑफिसच्या कामानं तैपेईला निघाली होती. तिला म्हटलं, तिथला ऊलाँग आण. दूध नको, साखर नको, आणि तरी कडू नाही. तिनं आलिशानच्या डोंगरावरच्या चहाची दोन पाकिटं आणली, दीडशे-दीडशे ग्रॅमची. तिकडं चहा ‘जिन’वर विकतात. एक जिन म्हणजे सहाशे ग्रॅम, त्याचा पाव म्हणजे दीडशे. आपल्या पावशेरासारखंच.

पुण्यात मी तिच्याकडे हा चहा प्यायले होते. बॉस, काय वास होता! मोगरा, ताजं लोणी, उकडलेला कोवळा मका, सगळं एकदम. म्हणून एवढ्या कौतुकानं एक पाकीट घेऊन शिवाजीनगरहून एसटी पकडली, घरी दिलं आणि परत आले. महिन्यानं गेले तर मेतकुटाचं पाणी.

तपासाला सुरुवात झाली. आईनं कपाट उघडलं. पाकीट फोडून चहा स्टीलच्या डब्यात भरला होता, आणि डबा होता मसाल्याच्या फळीवर. डावीकडे हिंग, उजवीकडे काळा मसाला. “मग कुठे ठेवू? चहाची जागा तीच आहे,” आई म्हणाली. तिचंही बरोबरच होतं. आमची चहा पावडर गेली तीस वर्षं तिथंच राहते आणि तिला कधी काही झालं नाही.

आपल्या पावडरीला काही होत नाही, ते का?

हा प्रश्न मला पुण्याला परत येईपर्यंत छळत होता. मग वाचायला घेतलं.

आपण जी दाणेदार पावडर पितो ती सीटीसी. १९३० च्या दशकात आसामात ही पद्धत निघाली. दातेरी रोलरमधून पान चिरडायचं, फाडायचं, गोळी करायची. पान पूर्ण काळं होतं आणि सगळा जोर रंगावर आणि कडकपणावर येतो. त्यात आलं, वेलची, दूध, साखर. एवढ्या लग्नात हिंगाच्या एखाद्या कणाकडे कोण बघतंय?

ऊलाँगचं तसं नाही. झाड तेच, कॅमेलिया सायनेन्सिस. पण पान तोडल्यावर ते थोडं सुकवतात, हलवतात, कडा चुरगळू देतात. हवेनं पान काळं पडायला लागतं आणि मध्येच गरम करून ते थांबवतात. ग्रीन टी म्हणजे जवळपास शून्यावर थांबवलेलं, आपला काळा चहा म्हणजे शेवटपर्यंत जाऊ दिलेला, आणि ऊलाँग या दोघांच्या मध्ये कुठेही, साधारण १० ते ८० टक्के. आलिशानसारखे डोंगरी चहा कमी काळे पडलेले, हिरवट. त्यांचा सगळा खेळ वासावर. लिनालूल, जेरानिऑल, नेरोलिडॉल अशी उडून जाणारी द्रव्यं त्यात असतात. त्यातलं लिनालूल मोगऱ्यातही असतं, म्हणजे माझं नाक अगदीच खोटं बोलत नव्हतं.

आणि सुकलेलं चहाचं पान भलतं लोभी असतं. त्यात पाणी उरतं जेमतेम तीन ते पाच टक्के, त्यामुळे आसपास जो ओलावा असेल, जो वास असेल, तो ओढून घेतं. चिनी लोक याच गुणावर जास्मिन टी बनवतात. रात्री मोगऱ्याच्या जातीच्या कळ्या आणि चहा एकत्र रचून ठेवायचे, सकाळी फुलं काढून टाकायची, दुसऱ्या रात्री पुन्हा ताजी फुलं. चहा वास पिऊन घेतो. आमच्या कपाटात हेच झालं होतं, फक्त मोगऱ्याच्या जागी हिंग होता.

दुसरं पाकीट अजून सीलबंद होतं. मी ठरवलं, पप्पांना एकदा तरी हा चहा नीट पाजायचाच. पण नगरात, आमच्या घरात, ४० डिग्रीच्या उन्हाळ्यात हा चहा ठेवायचा कशात?

आठ डबे, एक पाकीट

एप्रिलच्या मध्यात मी लॅपटॉप घेऊन दीड महिन्यासाठी घरी आले. ‘वर्क फ्रॉम होम’ हा शब्द फ्रीलान्सरसाठी तसाही विनोद आहे.

दीडशे ग्रॅमचे अठरा-अठरा ग्रॅमचे आठ भाग केले. उरले सहा ग्रॅम, ते त्याच दिवशी दोन कप करून प्यायलो. पप्पा पहिल्यांदा “हं” म्हणाले. त्यांचा ‘हं’ मी वहीत लिहून ठेवला, कारण पुढचं सगळं त्याच्याशी ताडून बघायचं होतं.

डबे घरातलेच घ्यायचे, हा माझा नियम. इंपोर्टेड कॅडी ऑर्डर करायला कुणाचंही क्रेडिट कार्ड पुरतं. पहिला नंबर मूळ चंदेरी पाकिटाचा, हवा पिळून, घडी घालून, क्लिप लावून. मग स्टीलचा डबा, त्याच जुन्या मसाल्याच्या फळीवर. जॅमची काचेची बरणी, खिडकीत, कारण इन्स्टाग्रामवर सगळे तिथंच ठेवतात. एक प्लॅस्टिकचा डबा, ज्यात पूर्वी गोडा मसाला होता (आईच्या मते स्वच्छ धुतलेला). लोणच्याची चिनी मातीची बरणी. रस्त्याच्या कडेला माठ विकणाऱ्या मावशींकडून आणलेलं कोरं गाडगं, वर लाकडी झाकण. आणि आज्जीचा छोटा पितळी डबा.

हे सात झाले. पप्पा तोपर्यंत पेपरच्या आडून ऐकत होते. चाळीस वर्षं हिशेब तपासलेला माणूस, तो पेपर खाली करून म्हणाला, “तुझा स्टीलचा डबा फेल झाला तर दोष डब्याचा का फळीचा?”

मी गप्प. बरोबर होतं. मग आठवा नंबर त्यांनी घातला: तसाच दुसरा स्टीलचा डबा, पण हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटात. कित्येक महिन्यांनी घरात त्यांनी कशात तरी नाक खुपसलं होतं. आईनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

कल्हईची गोष्ट

पितळी डब्यासाठी मात्र थोडं थांबायला लागेल, कारण या सगळ्या भानगडीत मला सगळ्यात जास्त मजा तिथं आली.

डबा मूठभर उंचीचा. झाकण इतकं घट्ट की उघडताना ‘फस्’ आवाज होतो. आज्जी त्यात लवंगा-वेलदोडे ठेवायची. गेल्या दिवाळीत आई तो मोडीत घालायला निघाली होती, वजनावर. आतून हिरवट डाग पडले होते, म्हणजे कल्हई गेलेली. उघड्या पितळेत खाण्याचं काही ठेवायचं नसतं, हे आपल्या सगळ्या आज्ज्यांना माहीत होतं.

नगर एकेकाळी तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. १८८४ च्या ब्रिटिश गॅझेटियरमध्ये इथल्या साड्या विणणाऱ्यांसोबत भांडी घडवणाऱ्यांचीही नोंद आहे. आता कल्हईवाला शोधायला मला जुन्या गावात दोन दिवस फिरावं लागलं. कापड बाजार, दाळमंडई, प्रत्येक दुकानदार पुढच्या गल्लीकडे बोट दाखवत होता. शेवटी सापडले एक चाचा. जमिनीत छोटी भट्टी, हातभाता. डबा लालसर तापवला, नवसागर भुरभुरला, पांढऱ्या धुराचा लोट उठला, आणि कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं एक हात फिरवला. क्षणात आतून चांदीसारखा लख्ख. मी विचारलं, वेलदोड्याचा वास राहील का? “भट्टीत गेल्यावर कसला वास, बेटा.” कथील चोख असलं पाहिजे, शिसं मिसळलेलं नको, हेही त्यांनीच बजावलं.

कथील म्हणजे टिन. आता गंमत बघा. चीनमध्ये चांगला चहा पूर्वापार ठेवतात तो कथलाच्या डब्यात. जपानात क्योटोमध्ये काइकादो नावाचं घराणं १८७५ पासून हातानं चहाचे डबे बनवतं. त्यांची सुरुवात झाली इंग्लंडहून येणाऱ्या, कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर. झाकण नुसतं वर ठेवलं की स्वतःच्या वजनानं सावकाश खाली सरकतं, इतकं मापात. कथलाला वास नाही, ते गंजत नाही, आणि मऊ असल्यानं झाकण घट्ट बसवता येतं. चिन्यांनी डबाच कथलाचा केला, आपण पितळेला आतून कथील लावलं. म्हणजे क्योटोचा डबा आणि आज्जीचा डबा आतून सख्खे शेजारी! हा शोध मी आईला सांगितला. आई म्हणाली, “मग मोडीत नाही घालत.” बस्स, एवढंच.

निकालाचा दिवस

पंचेचाळीस दिवस झाले. मेअखेरची सकाळ, पंखा बंद (वास उडू नये म्हणून, आईनं याबद्दल जे ऐकवलं ते इथं छापण्यासारखं नाही). आठ सारखे पांढरे कप, तळाला माझ्या नेलपॉलिशनं नंबर. प्रत्येक कपात तीन ग्रॅम चहा, दीडशे मिली पाणी, एकाच भांड्यात उकळून जरा निवू दिलेलं, तीन मिनिटं. चहा चाखायची आंतरराष्ट्रीय पद्धत सहा मिनिटांची आहे, खास चव उघडी पाडण्यासाठी. ब्रिटिशांच्या अशाच सहा पानी चहा-नियमावलीला १९९९ मध्ये इग नोबेल मिळालं होतं, म्हणजे नोबेलची थट्टा करणारं ते बक्षीस. आम्ही आपलं पिण्यासारखं ठेवलं. परीक्षक चार: पप्पा, आई, मी आणि शेजारचे काका, जे खरंतर पेपर मागायला आले होते.

प्लॅस्टिकचा कप चौघांनी पहिल्या घोटात ओळखला. काका म्हणाले, “वहिनी, आमटी चांगली झालीय.” धुतलेलं प्लॅस्टिक स्वच्छ दिसतं, पण मसाल्याचं तेल त्यात मुरलेलं असतं आणि उन्हाळ्यात ते बाहेर येतं. तुमच्या ऑफिसच्या टिफिनचं झाकण कधी हुंगून बघा.

मसाल्याच्या फळीवरचा स्टीलचा डबा पुन्हा हिंगात पास. हॉलमधला स्टीलचा डबा मात्र बराच बरा निघाला. फूल जरा कोमेजलेलं, पण चहा होता. पप्पांची शंका खरी ठरली. स्टील बिचारं निर्दोष, त्याला ना वास ना चव. गुन्हेगार सैल झाकण आणि शेजार. आपले स्टीलचे डबे डाळ-तांदळासाठी केलेले असतात. झाकण फिरवलं की गोल गोल फिरतं, म्हणजे हवेला येणं-जाणं मोकळं.

सगळ्यात वाईट वाटलं ते काचेच्या बरणीचं. दिसायला इतकी सुंदर! हिरव्या गोळ्या पिवळट पडल्या होत्या आणि कपाला वास होता ओल्या पुठ्ठ्याचा. उजेडानं पानातलं हरितद्रव्य आणि तेलकट अंश बिघडतात, वर खिडकीतलं ऊन म्हणजे मंद आचेवर ठेवल्यासारखंच. काच वास धरत नाही, घट्टही बसते, तिला फक्त अंधाऱ्या कपाटात ठेवायला हवं होतं. ती चूक माझी, आणि इन्स्टाग्रामची.

चिनी मातीच्या बरणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आतून झिलई असल्यानं लोणच्याचा वास भिंतीला नव्हता, पण झाकणाच्या खोबणीत होता. किंचित आंबटसर शेवट.

पहिला नंबर कुणाचा? चंदेरी पाकिटाचा. हो, तेच क्लिप लावलेलं पाकीट. मी दोन दिवस उन्हात गल्ल्या पालथ्या घातल्या, कल्हई केली आणि जिंकलं पाकीट. अॅल्युमिनियमच्या थरातून ना उजेड जातो ना हवा, आणि चहा कमी होईल तसं पाकीटही लहान होतं, आत रिकामी जागा उरत नाही. डब्याचं हेच दुखणं. अर्धा संपला की अर्धी हवा भरते. पितळी डबा अगदी थोडक्यात दुसरा आला, मोगरा शाबूत. वर दोन बोटं रिकामी नसती तर कदाचित पहिलाही आला असता. हे मी काकांना तीनदा सांगितलं.

आणि सात नंबरचा कप

आता राहिलं गाडगं.

मी तो कप चाखला आणि वहीत लिहिलं, ‘फेल’. मोगरा जवळपास गायब. कोरी माती झिलई नसलेली, अंगभर छिद्रं. तिनं चहाचा वास पिऊन टाकला होता आणि बदल्यात स्वतःचा दिला होता. शास्त्रशुद्ध नापास.

पप्पांनी मात्र तो कप सोडला नाही. एक घोट, मग दुसरा. बशीत ओतला आणि फुरका मारला. वर्षभरात घरात फुरक्याचा आवाज आला नव्हता. आई स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

“हा कुठला?”

“गाडग्यातला. पण पप्पा, तो बिघडलाय. तुम्ही एक नंबर घ्या, तो ओरिजिनल...”

“ओरिजिनल तुला ठेव. याला ढेकळावर पाणी पडल्यावर येतो तसा वास आहे. मला हा पाहिजे.”

मी वाद घातला. खरंच घातला, वीस मिनिटं. आलिशानचा डोंगर, नेरोलिडॉल, मैत्रिणीचं लगेज. पप्पांचं बालपण शेवगावकडच्या कोरडवाहू शेतात गेलंय. आमच्या जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेतला, तिथं पहिला पाऊस म्हणजे काय हे मला पुण्याच्या फ्लॅटमधून काय कळणार? मी वहीतला ‘फेल’ खोडला नाही. पण पुढच्या वेळी ऊलाँग आणला तो भाजणीचा, डोंग डिंग. तो मुळात कोळशावर किंवा ओव्हनमध्ये भाजलेला असतो, वास खमंग, नाजूकपणा कमी, गाडग्याशी त्याचं छान जमलं. जो चहा भाजलेला तो साठवणीला दणकट, हेही त्यात कळलं. हिरवट चहा मात्र आणायचा तर छोट्या पाकिटांत, आणि फोडला की दोन-तीन महिन्यांत संपवायचा. फ्रिजमध्ये ठेवायचा मोह टाळा. सीलबंद असेल तर ठीक, पण फोडलेलं थंड पाकीट बाहेर काढलं की पानांवर दव धरतं, आणि फ्रिजमधल्या लसणाची चटणी तर तुम्हाला माहीतच आहे.

जुलैत एक संकट आलं. हवा दमट झाली आणि गाडग्यातला चहा मऊ पडला. मी पुण्याहून फोनवर म्हटलं, टाकून द्या. आईनं टाकला नाही. लोखंडी कढई मंद आचेवर ठेवली, कोरडी, आणि रवा भाजतात तसा चहा परतला, हात न थांबवता. गार झाल्यावर परत गाडग्यात, पण आता झाकणाखाली घडी घातलेलं कापड. मी हसले, आणि रात्री वाचताना दिसलं की तैवानात जुना ऊलाँग वर्षानुवर्षं सांभाळणारे लोक ओलावा घालवायला तो मधूनमधून पुन्हा भाजतात. आईला हे सांगायला फोन केला तर ती म्हणाली, “मग? पोरकिडे लागायच्या आधी भाजायचंच असतं.”

पितळी डबा आता तिनं ताब्यात घेतलाय. त्यात आलिशान नाही, तिची आसामची दाणेदार पावडर आहे. हिंगाच्या शेजारी, त्याच फळीवर.

पप्पा पुन्हा साडेपाचला बाहेर पडतात. खिशात एक छोटी डबी, त्यात तीन चिमटी चहा. टपरीवाला त्यांना फुकट गरम पाणी देतो आणि कटिंगच्या ग्लासात गोळ्या उलगडताना बघत उभा राहतो. मागच्या आठवड्यात फोनवर मी विचारलं, डबी कसली आहे? बराच वेळ टाळाटाळ केली. शेवटी आईनं मागून सांगितलं, चुन्याची.

“धुतलीय,” पप्पा म्हणाले. “दोनदा.”